बेचाळीस पावलांवरचं अळू

सोमवार, २१ एप्रिल. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मालन परब घरातला पाट काखेत मारून पिछाडीवर आली, बोअर मारायच्या मशीनसमोर तो ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसली.

मशीन चालवणारा विकास तेव्हा पाव खात होता. त्याने पाव संपवला, हात झटकले आणि विचारलं, "आजी, इथेच बसणार?"

"माझ्या अळवात तुझा मशीन येणार, तर मी खय बसू? तुझ्या डोक्यार?"

पिछाडी म्हणजे काळाचौकीतल्या बंद गिरणीच्या मागची पाऊण एकर जागा. गिरणी चालू होती तेव्हा रंगखात्याचा गाळ आणि बॉयलरची राख इथे यायची. गिरणी थांबल्यावर चौदा वर्षं शहरातल्या कचऱ्याच्या गाड्या इथे रित्या होत होत्या. मग तेही बंद झालं, वर गवत आलं, एक पिंपळ वाढला, आणि लोकांना वाटलं की ही जागा अशीच होती. यंदा ती साफ करून चाळींसाठी मैदान करायचं ठरलं. माती तपासायला सोळा बोअर मंजूर होते. पंधरा मारून झाले. राख, काच, प्लॅस्टिक, बांगड्यांचे तुकडे, एक अख्खी बरणी असं काय काय निघालं. वरची फूटभर माती काढून नवी टाकली की भागेल, असं चित्र होतं. पण गिरणीच्या एका जुन्या कागदावर रंगखात्याच्या गाळाच्या खड्ड्याचा उल्लेख होता, आणि तो खड्डा पंधरा बोअरांत कुठेच लागला नव्हता. सोळावा बोअर त्यासाठी राखून ठेवला होता. बघायची राहिलेली जागा एकच होती, आणि त्या जागेवर मालनचं अळू होतं.

हा वाफा अठरा फूट लांब, बारा फूट रुंद. अळू, लाल माठ, अंबाडी, कडेने दोन भोपळ्यांचे वेल. मालनने तो सव्वीस वर्षांपूर्वी सुरू केला, आणि तिथेच केला, कारण तिथली माती बाकीपेक्षा काळी आणि भुसभुशीत होती. अळवाचे कंद तिच्या सासूने देवगडहून आणलेले. पानं अशी की पोराने डोक्यावर धरलं तर खांदे झाकावेत.

ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. हाताने लावलेलं, हाताने खुडलेलंच लागतं. बाजारातली भाजी कुणी कशी पिकवली कोण सांगणार? पिछाडीवर नांगर कधी गेलाच नव्हता. तेव्हा सव्वीस वर्षं अकरा बिऱ्हाडांची ऋषीची भाजी मालनच्या वाफ्यातून जायची. पिछाडीइतकी शुद्ध जागा अख्ख्या मुंबईत नाही, असं मालन म्हणायची आणि चाळ मान डोलवायची. जमिनीच्या पोटात काय आहे हे कुणी विचारलं नाही. बैल नव्हता, तेवढं पुरे होतं.

साडेआठला इरावती आली. साफसफाईच्या कामावरची ही इंजिनीअर, वय एकोणतीस, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात तिच्या मापापेक्षा मोठे बूट. तिच्यामागून चाळ कमिटीचा सेक्रेटरी अभय आला. तो बँकेत जायच्या कपड्यांत होता आणि घड्याळ बघत होता.

"मालनकाकू," इरावती शेजारी उकिडवी बसली. "बोअर चार इंचांचा असतो. दोन झाडं जातील फार तर."

"आणि खाली काय मिळाला तर?"

इरावतीने खोटं सांगितलं नाही. "मिळालं तर सगळंच काढावं लागेल. तीन मीटर खोल."

"आणि नाय मिळाला तर?"

"तर हा कोपरा जसा आहे तसा ठेवता येईल. प्लॅनमध्ये इथे हिरवळच आहे."

"मग नाय मिळाला म्हणान लिही. घे, संपला."

अभय मध्ये पडला. "काकी, असं नसतं ना. मशीन शुक्रवारी जाणार. त्याच्या आत खड्डा सापडला नाही, तर ते वरच्यावर माती टाकून मोकळे होणार. उद्या पोरं तिथे क्रिकेट खेळणार. आपलीच पोरं."

"तुझा पोरगा खेळता खय? मोबाईलार खेळता."

विकासला हसू आलं. त्याने ते दुसऱ्या पावात घातलं.

शेवटी मालनचा नवरा वसंत म्हणाला, "पास्कलाक बोलव." वसंत गोदीत क्लार्क होता. रिटायर झाल्यावर दिवसाला साधारण चार वाक्यं बोलायचा. हे त्यातलं पहिलं.

पास्कल माझगावचा. वय बहात्तर. गिरणीच्या रंगखात्यात अठराव्या वर्षी लागला आणि ब्याऐंशीच्या संपापर्यंत होता. पुढे बरीच वर्षं एका ऑफिसात फाइली सांभाळल्या, पण कुणी विचारलं तर अजून "मी रंगखात्यातला" असंच सांगतो. आदल्या दिवशी ईस्टर झाल्यामुळे तो इस्त्रीच्या शर्टात आला. गुडघे दुखत असल्याने तीस-एक वर्षांत पिछाडीवर त्याचं पाऊल पडलं नव्हतं. मालनकडची अळूवडी मात्र दरवर्षी त्याच्या घरी पोचायची, आणि त्याची बायको फिलोमिना त्याला त्यातल्या दोनच द्यायची.

"खड्डा?" पास्कल म्हणाला. "मला नाय ठावं तर कुणाला? संपाच्या तीन वर्षं आधी खणला. दिवसाला चौदा ड्रम मी स्वतः हितं आणून वतलेत. चिमणीच्या जोत्यापासून पिंपळाच्या रोखानं बेचाळीस पावलं. पिंपळ तवा हा एवढा होता, माझ्या कमरेला."

"एवढं नक्की आठवतं तुम्हाला?" इरावतीने विचारलं.

"बाय, रोज मोजायचो. बेचाळीसला ड्रम खाली टेकायचा आणि दम खायचा. बायकोची जन्मतारीख विसरलो एकदा, बेचाळीस नाय विसरलो."

चिमणी पडून वर्षं झाली होती, जोतं शाबूत होतं. पास्कल त्याला पाठ लावून उभा राहिला, चष्मा पुसला आणि चालायला लागला. मोठ्याने मोजत होता. मागून इरावती टेप घेऊन, तिच्यामागे अभय, मग विकास, मग सकाळी दुसरं काम नसलेले चाळीतले सहा-सात जण. तिसाव्या पावलाला मालन पाटावरून उठली. छत्तिसाव्या पावलाला पास्कलच्या पोटरीला पहिलं पान लागलं.

"पाऊल ल्हान टाका, भावजी," मालन म्हणाली.

"ल्हानच टाकतोय, वयनी. गुडघे हायत."

बेचाळीस. पास्कल थांबला. छातीपर्यंत अळू, मध्ये इस्त्रीचा शर्ट.

इरावतीने टेप वाचला. "एकवीस मीटर चौऱ्याऐंशी."

मग मालन बोलली, आणि ती रडली किंवा चिडली असती तर बरं झालं असतं असं अभयला नंतर वाटलं, कारण ती हिशेबाचं बोलली.

"भावजी, तेव्हा तुमचा वय काय?"

"सव्वीस."

"सव्वीस वर्षांच्या गड्याचा पाऊल आणि ह्या आताचा पाऊल एकच? आता तुम्ही कोंबडी चालता तसे चालतास. तेव्हा ढांगा टाकत असशात. खड्डो तो थय पुढे असणार, ह्या माझ्या अळवात कित्याक येतलो?"

पास्कलने खाली आपल्या सँडलकडे बघितलं. "वयनी बोलते त्यात दम हाय," त्याने कबूल केलं. "चालायला मी त्येज होतो. डिलाईल रोडपर्यंत पंधरा मिनटं."

इरावतीने वहीत आकडे मांडले. तरुण माणसाचं पाऊल सत्तर सेंटिमीटर धरलं तर बेचाळीस पावलांचे होतात एकोणतीस मीटर चाळीस. त्या रोखाने एकोणतीस मीटरवर नऊ नंबरचा बोअर आधीच मारलेला होता. साडेतीन मीटरपर्यंत राख आणि मुरूम, दुसरं काही नाही.

"म्हणजे खड्डा तिथे नाही," ती म्हणाली. "किंवा मधल्या काळात कुणीतरी उपसलाय."

"उपसलो असणार," मालन म्हणाली आणि पाट उचलला. "चला, भावजी, चाय घेवा. चेडवा, तू पण चल. बुटांतसून पाय काढ जरा, शिजले असतील."

त्या दिवशी मालनच्या घरी चहा दोनदा झाला. तिने पास्कलला सहा अळूवड्या दिल्या आणि फिलोमिनाला सांगणार नाही असं वचन दिलं. इरावतीने एकही घेतली नाही, पोट बरं नाही म्हणाली. मालनने ते ध्यानात ठेवलं.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मालन नेहमीप्रमाणे वाफ्याला पाणी घालायला गेली. चाळीच्या मागच्या नळावर हंडा भरायचा, डोक्यावर घ्यायचा, वाफ्यात ओतायचा, परत यायचं. अशा आठ खेपा. सव्वीस वर्षांत तिने पावलं कधी मोजली नव्हती. आदल्या दिवशी पास्कलचं मोजणं ऐकल्यामुळे असेल, त्या दिवशी ती मनात मोजत गेली. रिकाम्या हंड्याने परत येताना अडतीस. भरल्या हंड्याने जाताना एकसष्ट.

तिने पुन्हा मोजलं. एकसष्ट. परतीला अडतीस.

पाचव्या खेपेला हंडा नळाखालीच ठेवून ती घरी आली. वसंत पेपर वाचत होता.

"अवो, ड्रम केवढो असता?"

"दोनशे लिटरचो."

"तो ढकलताना माणूस ढांगा टाकता?"

वसंतने पेपर खाली केला. बायकोकडे बघितलं. "तू काय बोलतस ता तुका कळता मा?"

"माका कळता. तुमका विचारलंय ता सांगा."

"नाय," वसंत म्हणाला. "अर्धाच पाऊल पडता."

"मग माझा अळू गेला," मालन म्हणाली, आणि पदर खोचून खाली उतरली.

इरावती नवाच्या सुमाराला आली तेव्हा मशीनवर ताडपत्री घालणं चालू होतं. मालन तिची वाट बघत उभी होती. तिने एकसष्ट आणि अडतीसचं सांगितलं, सरळ, मध्ये न थांबता. इरावतीने हेल्मेट काढून हातात धरलं.

"काकू, मी हे काल लिहून टाकलंय. खड्डा नाही म्हणून. तुम्ही गप्प बसला असतात तर..."

"तर तुझा काम झाला असता आणि माझा अळू रवला असता. माका ठावक असा. पण तू काल वडी नाय खाल्लंस. पोटाचा निमित्त सांगितलंस. तुका धीर झालो नाय, आणि माझी अकरा घरा खातत. ता माका रातभर लागला."

मग ड्रमचा प्रयोग झाला, आणि तो चाळीत अजून सांगितला जातो. गणपती मंडळाचा पाण्याचा ड्रम आणला. पास्कलने पद्धत दाखवली. ड्रम आडवा लोळवायचा नाही, तोंड उघडं असतं, गाळ सांडतो. तो तिरका करून खालच्या कडेवर गोल फिरवत न्यायचा. पाऊण भरला. ढकलायला धडधाकट गडी हवा होता, आणि उपलब्ध असलेल्यांत चव्वेचाळीस वर्षांचा अभय सगळ्यांत तरुण निघाला, कारण विकासने मशीन सोडता येत नाही असं सांगितलं. मशीन बंद होतं.

"बॉस, मला अकराची मीटिंग आहे," अभय म्हणाला.

"आम्हाला पण शिफ्ट होती," पास्कल म्हणाला. "बाह्या वर घे. पाठीतनं नको, मांड्यांतनं जोर लाव. एक."

अभयने जोर लावला. ड्रम हलला तो त्याच्याच बुटावर. दुसऱ्यांदा नीट फिरला.

"दोन. तीन. अरे, बायकोशी नाच नाय करत तू, सरळ ने. चार."

गॅलरीतून लोक मोजायला लागले. विसाव्या पावलाला अभयचा शर्ट पाठीला चिकटला. तिसाव्याला तो म्हणाला की गिरणी बंद पडली ते बरंच झालं. पस्तिसाव्याला त्याचा ड्रम अळवाच्या कडेला लागला आणि मालनने स्वतः पुढे होऊन दोन पानं बाजूला धरली. बेचाळीसला त्याने ड्रम टेकला आणि ड्रमवर डोकं टेकलं.

"बघितलं?" पास्कल म्हणाला. "दम खाल्ला का नाय? मी खोटं नाय सांगत."

टेप म्हणाला, बावीस मीटर दहा. पास्कलची म्हातारी पावलं आणि अभयची ओझ्याची पावलं यांत एकूण सव्वीस सेंटिमीटरचा फरक.

बोअर त्याच दुपारी मारला. विकासने खालच्या नळकांड्यातून मातीचे गोळे एकामागून एक काढून फळीवर ओळीने मांडले. पहिल्या मीटरला मालनची काळी माती, मग राख, मग प्लॅस्टिकच्या चिंध्या. दोन मीटर नव्वदला जो गोळा आला तो ओला होता आणि निळा होता. आकाश किंवा पेन यांचा निळा नव्हे. गडद, चकाकणारा.

पास्कल वाकला. चेहऱ्यावर जुना दोस्त भेटल्यासारखं हसू होतं. "हा आमचा साडीच्या काठाचा निळा. सेहेचाळीस वर्षं झाली. बघ, उतरला नाय. रंग पक्का होता आमचा."

"अंकल, हात मागे," इरावती म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. मग हळू आवाजात म्हणाला, "वयनी, हितं तुम्ही लावता हे मला ठावं असतं, तर मी बोललो असतो. माझ्या घरी नुसती वडी यायची."

"तुमच्या वाट्याक दोनच यायच्या," मालन म्हणाली. "तुम्ही वाचलास."

पानांचा अहवाल ९ मे रोजी आला. शिसं मर्यादेच्या चौपट. अकरा बिऱ्हाडांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. मालन आणि वसंत सोडून बाकीचे ठीक निघाले. या दोघांचं शिसं वाढलेलं होतं. डॉक्टरांनी त्या जागेचं काही खायचं नाही असं सांगून तीन महिन्यांनी परत बोलावलं.

"मी सव्वीस वर्षा खाल्लंय. माका काय झाला? माझ्याकडे बघ," वसंत म्हणाला.

"तुमच्याकडे बघूनच डॉक्टराक काळजी वाटली," मालन म्हणाली.

भांडण झालं ते कंदांवरून. वाफ्यातलं सगळं, माती, मुळं, पानं, जाड पिशव्यांत बंद करून घातक कचऱ्याच्या जागी जाणार होतं. मालन म्हणाली, माती न्या, भोपळा न्या, माका पण न्या, पण सासूचो कांदो नेऊ देणार नाय. इरावतीने नियम वाचून दाखवला. मालन म्हणाली, नियम कुणाच्या सासूने केलो? इरावतीने दोन दिवस मागितले, प्रयोगशाळेत विचारलं आणि उत्तर घेऊन आली: मोठे कंद जातील. त्यांना फुटलेल्या पिल्लांतली तीन धुऊन, साल काढून, बाहेरच्या स्वच्छ मातीत लावता येतील. नवीन पानं येऊ द्यायची, तपासायला पाठवायची, आणि तोवर एक पानही खायचं नाही.

"लिहून दे," मालन म्हणाली. इरावतीने लिहून दिलं. मालनने त्यावर सही केली आणि कागद देव्हाऱ्यात ठेवला.

खड्डा ६ जूनला रिकामा झाला. बारा दिवसांत झाकलेल्या गाड्यांच्या चौऱ्याण्णव खेपा झाल्या. पास्कल रोज खुर्ची टाकून बसायचा आणि गाडी निघाली की हात करायचा. तळाला चिकणमातीचा थर दाबून वर नवी लाल माती पसरली. तिच्याकडे बघून मालन म्हणाली, माती बरी आहे, पण अजून कुणाची झालेली नाही.

उरला प्रश्न ऋषीच्या भाजीचा. पाऊस लागला तशी चाळीची कॉमन गॅलरी भरत गेली. फुटक्या बादल्या, रंगाचे डबे, एक जुनं सिंक, एक बेबी टब. कुणी माठ लावला, कुणी अंबाडी, कुणी मका. माती आणि खत कुठून आणलं ते प्रत्येकाने मालनला दाखवायचं असा नियम झाला, आणि ती ते वास घेऊन तपासायची. अभयच्या डब्याला दोन भेंड्या लागल्या. त्याने दोन्हींचे फोटो बँकेत दाखवले.

एकदा वसंत म्हणाला, "आता शेतात बैल रवलेत खय? ट्रॅक्टर चलता. बाजारातली भाजी पण चालात."

"आजची चारही वाक्या संपली तुमची," मालन म्हणाली.

ऑगस्टमध्ये दोघांची रक्ततपासणी परत झाली. शिसं उतरलं होतं, पुरतं गेलं नव्हतं. मैदानात भाजीसाठी एक कोपरा ठेवावा असं पत्र कमिटीने दिलं, त्यावर त्रेसष्ट सह्या आहेत, पास्कलचीही आहे. त्याचं उत्तर आलेलं नाही. सासूच्या कंदांची तीन पिल्लं मालनने दारात तीन टबांत लावली होती; त्यांची पानं इरावतीने ११ ऑगस्टला स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिली. बुधवारी, २७ तारखेला गणपती असला तरी त्या दिवशी किंवा गुरुवारी कळेल, असं तिथून सांगितलं आहे. ऋषिपंचमी गुरुवारी, २८ तारखेला आहे.

"निकाल चांगला इलो तर पहिली वाटी तुझी," मालनने इरावतीला फोनवर सांगितलं. "पोटाचा निमित्त चालणार नाय."

"खाईन," इरावती म्हणाली.

"पहिली माझी," मागून पास्कलचा आवाज आला. "खड्डा माझा होता."

मंगळवार, २६ ऑगस्ट, संध्याकाळी साडेपाच. कमिटीच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर अकरा बिऱ्हाडांची यादी लागली आहे, कुणी कोणती भाजी द्यायची याची. लाल माठ, अंबाडी, मका, दुधी, पडवळ, अभयच्या भेंड्या. दहा नावं पेनाने लिहिली आहेत. अकरावं अळू, पेन्सिलने. मालनच्या दारातल्या तीन टबांत मिळून एकोणीस पानं आहेत. अहवाल आलेला नाही.